₹ हे चिन्ह नीट कसे वापरावे: गोव्यातील नवोदित अक्षरजुळणीकारांसाठी मार्गदर्शन

गोव्यात मराठीतून जी छपाई आणि जे संगणकीय लेखन होते, त्याचा मोठा भाग रकमांनी भरलेला असतो. देवस्थानाची देणगी-पावती, गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च, जत्रेतील अभिषेकाचे दरपत्रक, म्हापशाच्या बाजारातील दुकानाचा फलक, काणकोणच्या एखाद्या होमस्टेचे संकेतस्थळ, अशा प्रत्येक ठिकाणी रुपयाचे चिन्ह लागते. पुष्कळदा एकाच कागदावर ते तीन तऱ्हांनी आलेले दिसते: मथळ्यात ₹, कोष्टकात ‘रु.’ आणि एकूण बेरजेपुढे इंग्रजी आर-एस. डीटीपी, फलकांची मांडणी किंवा संकेतस्थळांचे काम नव्याने हाती घेतलेल्यांनी हे चिन्ह पहिल्या दिवसापासून नीट कसे वापरावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे. सगळ्या पायऱ्यांमागे एकच आग्रह आहे. ₹ ला अक्षराप्रमाणे वागवावे. त्याला स्वतःचा सांकेतिक क्रमांक आहे, रुंदी आहे, उंची आहे आणि शेजारच्या अंकांशी नाते आहे. ते कोठून तरी आणून चिकटवलेले चित्र ठरले, की पुढच्या सर्व अडचणी तेथूनच सुरू होतात.

पहिली पायरी: घडण समजून घ्यावी

जे चिन्ह आपण रोज छापणार आहोत ते हाताने काढता आले पाहिजे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २००९ साली या चिन्हासाठी खुली स्पर्धा घेतली. अखेरच्या फेरीत पाच आराखडे उरले आणि त्यांपैकी डी. उदय कुमार यांच्या आराखड्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी मान्यता दिली. उदय कुमार हे मुंबईच्या आयआयटीत अभिकल्पाचे (डिझाइनचे) शिक्षण घेतलेले. पुढे २०११ पासून नाण्यांवर आणि त्याच सुमारास नोटांवर हे चिन्ह येऊ लागले.

देवनागरी ‘र’ आणि उभा दंड काढून टाकलेला रोमन ‘आर’ यांच्या मेळातून हे रूप घडले आहे. वरची आडवी रेघ ही देवनागरीची शिरोरेषा होय. तिच्या खाली, तिला समांतर अशी दुसरी रेघ आहे; या दोन रेघा आणि त्यांच्यामधील मोकळी जागा मिळून तिरंग्याचा आणि बरोबरीच्या चिन्हाचा भास व्हावा, अशी आराखड्यामागील कल्पना होती. उजवीकडे पोट आहे. ते वरच्या रेघेपासून निघते, दुसऱ्या रेघेला छेदून खाली वळते आणि डावीकडे परत येते, आणि तेथून तिरका पाय उजवीकडे खाली उतरतो.

कागदावर काढताना आधी वरची रेघ, मग दुसरी, मग पोट आणि शेवटी पाय, असा क्रम ठेवल्यास हात अडखळत नाही. फलक रंगवणाऱ्यांकडून तीन चुका वारंवार होतात आणि त्या तिन्ही टाळता येण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे डावीकडे उभा दंड काढणे. त्यामुळे चिन्हाचा इंग्रजी आर होतो आणि देवनागरीचा अंश नाहीसा होतो. दुसरी, दोन्ही रेघा मधोमध ओढणे. युरोच्या चिन्हात रेघा मध्यभागी असतात, आपल्या चिन्हात पहिली रेघ माथ्यावर आणि दुसरी तिच्या जवळ असते. तिसरी, वरची रेघ पोटाच्या टोकाशीच थांबवणे. ती पोटाच्या उजवीकडे थोडी पुढे गेली पाहिजे, तरच ती शिरोरेषेसारखी वाटते. दोन रेघांमधील अंतर मात्र आराखड्यात जेवढे आहे तेवढेच प्रत्येक आकारात ठेवता येत नाही. त्याविषयी फॉन्ट निवडताना अधिक सांगितले आहे.

दुसरी पायरी: खरे अक्षर टंकित करावे

युनिकोड म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी प्रमाण पद्धती. ऑक्टोबर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या ६.० या आवृत्तीत ₹ ला स्वतंत्र क्रमांक मिळाला. तो क्रमांक षोडशमान पद्धतीत २०बी९ असा लिहितात, दशमान पद्धतीत तो ८३७७ होतो. हे दोन्ही आकडे कामाच्या टेबलावर लिहून ठेवण्याजोगे आहेत, कारण कळफलक दगा देतो तेव्हा त्यांच्या आधारेच चिन्ह मिळते. ते टंकित करताना अंक अर्थातच इंग्रजीतून द्यावे लागतात.

विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ हा कळफलक निवडून उजवी ऑल्ट कळ दाबून ठेवावी आणि ४ ची कळ दाबावी. मराठीच्या इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलक-आराखड्यातही चिन्ह ४ च्याच कळीवर उजव्या ऑल्टबरोबर दिलेले आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक कळफलकांवर ४ च्या कळीवर ₹ छापलेले असते, पण ते दाबूनही उमटत नाही, अशी तक्रार नवख्यांकडून नेहमी ऐकू येते. अशा वेळी कळ बिघडलेली नसते. संगणकावर ‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ हा आराखडा निवडलेला असतो आणि त्यात ₹ ची सोयच नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन आराखडा बदलला की काम होते.

आराखडा बदलण्याची मुभा नसेल, उदाहरणार्थ कार्यालयातील सामाईक संगणकावर, तर वर्डमध्ये दोन, शून्य, इंग्रजी बी आणि नऊ असे चार वर्ण टंकित करून लगेच ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्यात, त्या चार वर्णांचे ₹ होते. लिनक्सच्या बहुतेक प्रणालींत कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबून हाच क्रमांक देऊन एंटर केल्यास चिन्ह उमटते. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस दाबून चिन्हांची खिडकी उघडावी आणि तेथे इंग्रजीत ‘रुपी’ असे शोधावे. फोनवर अंकांचा कळफलक उघडून चलनाच्या चिन्हाची कळ दाबून धरली की इतर चलनांच्या चिन्हांबरोबर ₹ दिसते.

चिन्हांच्या खिडकीतून निवडताना एक सावधगिरी हवी. तेथे ₨ असेही एक चिन्ह असते. ते इंग्रजी आर आणि एस एकत्र जोडून केलेले जुने, सर्वसाधारण रुपयाचे चिन्ह आहे आणि त्याचा क्रमांक वेगळा म्हणजे २०ए८ असा आहे. पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस आणि सेशेल्स या देशांच्या चलनांचे नावही रुपया असेच आहे. ₹ मात्र केवळ भारतीय रुपयासाठी आहे. गोव्यात परदेशी पाहुण्यांसाठी दरपत्रके करणाऱ्यांनी हा भेद विशेष जपावा.

तिसरी पायरी: जुन्या फाइली वापरण्याआधी तपासाव्यात

छापखान्यात नवे काम क्वचितच कोऱ्या पानापासून सुरू होते. गेल्या वर्षीची पावती उघडायची, वर्ष बदलायचे आणि छापायची, अशीच रीत असते. म्हणून जुन्या फाइलींत रुपयाचे चिन्ह कोणत्या मार्गाने आले आहे, हे पाहणे भाग पडते.

चिन्ह जाहीर झाल्यानंतर युनिकोडची सोय संगणकांत पोहोचेपर्यंतच्या काळात एक तात्पुरता उपाय सर्वत्र पसरला होता. ‘रुपी फोरेडियन’ नावाच्या फॉन्टमध्ये टॅबच्या वरच्या कळीवरील उलट्या स्वरचिन्हाच्या (`) जागी ₹ चे रूप बसवलेले होते. कळ दाबली की पडद्यावर रुपया दिसत असे, पण फाइलीत साठवले जात असे ते उलटे स्वरचिन्हच. त्या काळी त्याने अनेकांची गरज भागवली. आज ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, की रकमेच्या आधी एक लहानसा तिरका टिंबवजा फराटा दिसतो. अशा फाइलीत शोधा-आणि-बदला ही सोय वापरून ते सर्व फराटे खऱ्या ₹ ने बदलावेत आणि त्या ठिकाणचा फॉन्टही बदलावा. केवळ वर्ण बदलून फॉन्ट तसाच ठेवल्यास काही ठिकाणी रिकामी चौकट दिसू शकते.

मराठीचे जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट वापरून केलेल्या फाइलींची अडचण याहून खोल आहे. त्यांत प्रत्येक देवनागरी अक्षरच इंग्रजी वर्णाच्या जागी बसवलेले असते, त्यामुळे ₹ चा खरा क्रमांक त्या फॉन्टला ठाऊकच नसतो. शिवाय पेजमेकरसारखे जुने सॉफ्टवेअर युनिकोड हाताळूच शकत नाही. अशा ठिकाणी माझे मत स्पष्ट आहे: पावतीपुस्तक दरवर्षी छापले जाणार असेल, तर एकदा बसून सगळा मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा आणि इनडिझाइनसारख्या, देवनागरी नीट जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने मांडावा. एका चिन्हासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. पण तोच मजकूर पुढे संकेतस्थळावर टाकायचा असतो, व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असतो, त्यात नावे शोधायची असतात, आणि हे सर्व खऱ्या अक्षरांवाचून होत नाही. काम तातडीचे असेल आणि हे करणे शक्य नसेल, तर ₹ ची उसनवारी न करता सरळ ‘रु.’ लिहावे. ते शुद्ध आहे, वाचनीय आहे आणि कोणत्याही फॉन्टमध्ये टिकते.

चिन्ह प्रतिमा म्हणून चिकटवलेले असेल तर ते काढून टाकावे. प्रतिमा मजकुराबरोबर लहानमोठी होत नाही, ओळ सरकली की मागे राहते आणि पीडीएफमधून मजकूर उचलताना गळून पडते.

चौथी पायरी: रक्कम लिहिण्याची पद्धत एकदा ठरवावी

₹ अंकाच्या आधी येते. ₹५०० असे जोडून लिहिले तरी चालते आणि मध्ये बारीक मोकळीक ठेवली तरी चालते; दोन्हींपैकी एक पद्धत निवडून संपूर्ण कागदभर तीच पाळावी. मी स्वतः जोडून लिहिण्याच्या बाजूचा आहे, आणि त्याला तांत्रिक कारण आहे. युनिकोडच्या ओळ तोडण्याच्या नियमांत ₹ हे अंकाच्या आधी येणारे चिन्ह म्हणून नोंदलेले असल्याने जोडून लिहिलेली रक्कम ओळीच्या शेवटी तुटत नाही. मध्ये साधी मोकळी जागा सोडली, तर मात्र ₹ एका ओळीच्या टोकाला आणि ५०० दुसऱ्या ओळीच्या आरंभी जाऊ शकते. मोकळीक हवीच असेल तर न तुटणारी जागा घालावी. वर्डमध्ये ती कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस या कळांनी मिळते.

चिन्ह लिहिल्यावर पुन्हा ‘रुपये’ लिहू नये. ‘₹५०० रुपये’ किंवा ‘₹ रु. ५००’ अशी दुहेरी रूपे फलकांवर फार दिसतात. वाक्यात रक्कम अक्षरी लिहायची असेल तर ‘पाचशे रुपये’ असेच लिहावे, तेथे चिन्हाचे काम नाही. ज्या निवेदनात रक्कम एकदाच आणि वाक्याच्या ओघात येते, तेथे मला ‘५०० रुपये’ हेच अधिक वाचनीय वाटते; ₹ चा खरा उपयोग कोष्टके, पावत्या, दरफलक आणि बिले यांत आहे, जेथे डोळ्याला रक्कम झटकन सापडावी लागते.

रकमेच्या शेवटी तिरकी रेघ आणि आडवी रेघ देण्याची जी जुनी रीत आहे, तिचा हेतू पुढे कोणी अंक वाढवू नये हा होता. हस्तलिखित पावतीवर आणि धनादेशावर ती आजही उपयोगी आहे. छापील दरपत्रकात तिची गरज उरत नाही, तेथे ती केवळ जागा खाते. सीटीएस-२०१० या प्रमाणाच्या धनादेशांवर रकमेच्या चौकटीत ₹ आधीच छापलेले असते, म्हणून आत पुन्हा चिन्ह काढू नये. देवस्थानाची पावती मांडतानाही याच धर्तीवर चौकटीच्या डाव्या टोकाला ₹ छापून द्यावे, म्हणजे लिहिणाऱ्याने केवळ आकडा भरायचा राहतो.

अंकांची गटवारी आपल्या पद्धतीने, शेवटचे तीन आणि त्याआधी दोन-दोन अशी करावी: ₹१,२५,०००, ₹२,४०,००,०००. परदेशी साच्यांवरून केलेल्या संकेतस्थळांवर ‘१२५,०००’ असे तीन-तीनचे गट दिसतात आणि लाख वाचायला सरावलेला माणूस तेथे क्षणभर अडतो. पैशांसाठी वेगळे चिन्ह ठरलेले नाही, ₹१२.५० किंवा ₹०.७५ असे दोन दशांश स्थळांपर्यंत लिहावे. उणे रकमेत उणेचे चिन्ह ₹ च्या आधी ठेवावे.

देवनागरी अंक घ्यावेत की इंग्रजी, हा प्रश्न गोव्यात सतत येतो, कारण एकाच फलकावर कोकणी, मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी असतो. दोन्ही अंकांबरोबर ₹ तेवढेच शोभते, कारण ते दोन्ही लिप्यांतून घडलेले आहे. देवनागरीत लिहिलेली कोकणी आणि मराठी यांची लिपी एकच असल्याने रक्कम दोनदा छापण्याचीही गरज नसते: पदार्थाचे किंवा सेवेचे नाव तीन भाषांत द्यावे आणि समोर दर एकदाच, मोठ्या अंकांत द्यावा. परदेशी पर्यटक ज्या दरपत्रकावरून हिशेब करणार आहेत, त्यात इंग्रजी अंक वापरावेत आणि तळाशी एका ओळीत सर्व दर भारतीय रुपयांत असल्याचे नमूद करावे. बँकेच्या किंवा परकीय चलनाच्या कागदपत्रांत चिन्हाऐवजी आयएनआर हा तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेत लिहितात. तेथे त्याच्याबरोबर ₹ जोडू नये.

पाचवी पायरी: अंकांशी जुळणारा फॉन्ट निवडावा

फॉन्टमध्ये ₹ आहे की नाही, हे आधी पाहावे. सोपी चाचणी अशी: एका ओळीत ₹१२३४५६७८९० असे लिहून फॉन्ट बदलत जावे आणि चिन्ह खूप मोठ्या आकारात पाहावे. फॉन्टमध्ये ते नसेल, तर काही सॉफ्टवेअर रिकामी चौकट दाखवते आणि काही दुसऱ्याच फॉन्टमधून चिन्ह उसने आणते. चौकट लगेच लक्षात येते, उसने चिन्ह मात्र छपाईनंतर दिसते: अंक ठसठशीत आणि चिन्ह किडकिडीत, किंवा अंक गोलसर आणि चिन्ह टोकदार. नोटो सान्स देवनागरी आणि विंडोजमधील निर्मला यूआय यांत ₹ आहे, त्यामुळे तुलनेसाठी ते हाताशी ठेवावेत.

त्यानंतर उंची पाहावी. बहुतेक फॉन्टमध्ये ₹ हे इंग्रजी अंकांच्या उंचीला जुळवून काढलेले असते. देवनागरी अंकांची उंची त्याहून वेगळी असली, तर चिन्हाची वरची रेघ आणि अंकांचा माथा यांत थोडासा फरक राहतो. मराठी ओळीत हा फरक अधिकच खुपतो, कारण आजूबाजूच्या शब्दांची शिरोरेषा एका पातळीवर धावत असते आणि ₹ ची रेघ तिच्यापासून केसभर वर किंवा खाली दिसते. फरक ठळक असेल तर डोळा तो स्वीकारतो, अगदी जुळले तर प्रश्नच नाही. जवळपास जुळणे हेच सर्वांत वाईट. अशा वेळी चिन्हाचा आकार दोन-चार टक्क्यांनी कमी-जास्त करून पाहावा, पण त्याला उभे किंवा आडवे ताणू नये, कारण ताणल्याने रेघांची जाडी बिघडते.

जाडीचा विचार लहान आकारात निर्णायक ठरतो. चिन्हाच्या वरच्या अर्ध्या भागात दोन रेघा आणि पोट अशी दाटी आहे, खाली मात्र एकटा पाय आहे. ठळक फॉन्टमध्ये दोन रेघांमधील फट शाईने भरते आणि वर एक काळा ठोकळा उरतो. चांगला फॉन्टकार म्हणून ठळक रूपात रेघा किंचित पातळ करतो आणि दुसरी रेघ थोडी खाली सरकवतो. आपल्या हाती फॉन्ट घडवण्याचे काम नसले, तरी निवड आपलीच असते: पावतीवरील बारीक आकड्यांसाठी मध्यम जाडीचा फॉन्ट घ्यावा आणि अंतिम निर्णय पडद्यावर न घेता प्रत्यक्ष कागदावर एक प्रत काढून घ्यावा.

हिशेबाच्या कोष्टकात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सर्व अंक समान रुंदीचे असावेत, म्हणजे एकक, दशक आणि शतक एकाखाली एक येतात. प्रत्येक ओळीत ₹ छापण्यापेक्षा स्तंभाच्या मथळ्यात ‘रक्कम (₹)’ असे एकदा लिहावे आणि खाली नुसते आकडे ठेवावेत. एकूण बेरजेपुढे ते पुन्हा द्यावे. मंडळाच्या जमाखर्चाचे पान यामुळे कितीतरी मोकळे होते.

सहावी पायरी: एक्सेलमध्ये चिन्ह आकड्यात मिसळू नये

एक्सेलच्या चौकटीत नुसता आकडा भरावा आणि चिन्ह स्वरूपाच्या सेटिंगमधून द्यावे. संगणकाचा प्रदेश भारत नसेल आणि आपण ₹५०० असे थेट टंकित केले, तर एक्सेल त्याला मजकूर समजू शकते, आणि मजकूर बेरजेत धरला जात नाही. आकडा चौकटीत डावीकडे चिकटलेला दिसला, तर हीच शंका घ्यावी. विंडोजच्या प्रदेश-सेटिंगमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडल्यास चलनाचे चिन्ह आणि लाख-कोटींची गटवारी दोन्ही आपोआप मिळतात.

यादी सीएसव्ही म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर म्हणून, साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडावा. यूटीएफ-८ ही युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत आहे आणि तीत ₹ तीन बाइटांत साठवले जाते. ती फाइल जुन्या पाश्चात्त्य संकेतप्रणालीने उघडली, की त्या तीन बाइटांचे तीन निराळे वर्ण होतात: टोपी घातलेला इंग्रजी ए, खाली उतरलेला स्वल्पविरामासारखा अवतरणचिन्हाचा तुकडा आणि वर चढवलेला लहान एक. हे त्रिकूट कोठेही दिसले, तर मूळ माहिती शाबूत असून केवळ वाचण्याची पद्धत चुकली आहे, असे समजावे आणि फाइल योग्य संकेतप्रणालीने पुन्हा उघडावी. ₹ च्या जागी प्रश्नचिन्ह आले असेल, तर मात्र बहुधा साठवतानाच चिन्ह हरवलेले असते आणि ते हाताने भरावे लागते.

सातवी पायरी: संकेतस्थळ आणि संदेश

संकेतस्थळाच्या पानाची संकेतप्रणाली यूटीएफ-८ असल्याचे पानाच्या आरंभी घोषित करावे आणि मजकुरात ₹ सरळ टंकित करावे. काही जुन्या साच्यांत ते चालत नसेल, तर एचटीएमएलमध्ये अँपरसँड, हॅश, ८३७७ आणि अर्धविराम असे सलग (₹) लिहून चिन्ह आणता येते. सजावटीचा वेब-फॉन्ट वापरताना त्याची हलकी केलेली आवृत्ती घेतली असेल, तर तीत चलनचिन्हे गाळलेली असू शकतात, हे तपासावे.

माहितीसंचात (डेटाबेसमध्ये) ₹ साठवूच नये. तेथे रक्कम शुद्ध आकडा म्हणून, शक्यतो पैशांच्या पूर्णांकात, ठेवावी आणि चलनाचा संकेत वेगळ्या रकान्यात आयएनआर असा ठेवावा. चिन्ह दाखवतानाच जोडावे. यूपीआयच्या क्यूआर कोडमध्येही चलन आयएनआर असेच लिहिलेले असते, ₹ नव्हे. दाखवण्याचे काम जावास्क्रिप्टच्या ‘इंटल’ (Intl) सुविधेवर सोपवता येते: तिला मराठी-भारत हा प्रदेशसंकेत आणि आयएनआर हे चलन दिले, की ₹ आणि देवनागरी अंक एकदम मिळतात. इंग्रजी अंक हवे असल्यास ते वेगळे सांगावे लागते.

मोबाइलवरील एसएमएसचा हिशेब निराळा आहे आणि संस्थांना तो खर्चात पाडतो. एसएमएसच्या मूळ सात-बिटांच्या वर्णसंचात युरोचे चिन्ह आहे, ₹ नाही. त्यामुळे इंग्रजी संदेशात एकच ₹ आले, तरी संपूर्ण संदेश दुसऱ्या संकेतप्रणालीत जातो आणि एका संदेशाची मर्यादा १६० वर्णांवरून ७० वर येते. सभासदांना इंग्रजीतून वर्गणीची आठवण पाठवणाऱ्या संस्थेने तेथे इंग्रजी आर-एस किंवा आयएनआर लिहावे. मराठी संदेश मुळातच ७० वर्णांच्या मर्यादेत असतो, म्हणून त्यात ₹ खुशाल वापरावे; ते ‘रु.’ पेक्षा दोन वर्णांनी कमी जागा घेते.

आठवी पायरी: बिलाचे यंत्र आणि रस्त्यावरचा फलक

खानावळीत आणि दुकानात बिले छापणाऱ्या उष्णता-छपाईच्या अनेक यंत्रांच्या अंगभूत वर्णसंचात ₹ नसते. अशा यंत्रावर चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा भलताच वर्ण उमटतो. यावर तीन मार्ग आहेत. यंत्राचे अंतर्गत सॉफ्टवेअर अद्ययावत करून पाहावे. यंत्रात स्वतःचे वर्ण भरण्याची सोय असेल तर ₹ चे ठिपक्यांचे रूप भरावे. नाहीतर संपूर्ण बिल प्रतिमा म्हणून छापावे. मराठीत बिल हवे असेल तर तिसरा मार्गच बरा, कारण तेव्हा देवनागरीची जोडाक्षरेही नीट येतात. छपाई थोडी संथ होते इतकेच. या यंत्रांची नेहमीची घनता इंचाला २०३ ठिपके, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके असते. दोन मिलिमीटर उंचीच्या चिन्हाला १६ ठिपके मिळतात, आणि त्यांत दोन रेघा व मधली फट प्रत्येकी दोन ठिपक्यांची ठेवली तर चिन्ह स्वच्छ दिसते.

विजेच्या फलकांवर बहुधा पाच बाय सात ठिपक्यांचीच चौकट असते. तेथे पहिली आणि तिसरी ओळ पूर्ण भरावी, दुसऱ्या ओळीत उजवीकडे पोटाचा एक ठिपका ठेवावा आणि उरलेल्या चार ओळींत पोट डावीकडे वळवून पाय उजवीकडे उतरवावा. व्हिनाइल कापून केलेल्या फलकात दोन रेघांमधली फट फार अरुंद ठेवली, तर चिकटवताना पट्टी उचलली जाते, म्हणून तेथे पातळ रेघांचे रूप निवडावे.

नववी पायरी: पोर्तुगीज काळातील रकमांना ₹ लावू नये

गोव्यात काम करणाऱ्याकडे कधी ना कधी जुने कागद येतात: कोमुनिदादीचे (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे) हिशेब, घराण्याच्या पावत्या, देवस्थानाच्या इतिहासाची स्मरणिका. त्यांतील रकमा आजच्या चिन्हाने लिहिणे चूक आहे, आणि ही चूक स्मरणिकांत सहज शिरते.

१९५८ पर्यंत येथे पोर्तुगीज भारताची रुपिया हे चलन होते. १६ तंगांची एक रुपिया आणि ६० रेइसांचा एक तंगा असा तिचा हिशेब होता. १९५८ मध्ये तिच्या जागी एस्कुदो आला, एका रुपियेला सहा एस्कुदो या दराने. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर भारतीय रुपया आला. रुपिया आणि रुपया ही नावे जवळची असली, तरी ती वेगवेगळ्या सरकारांची चलने होती. म्हणून १९५८ पूर्वीच्या रकमेपुढे ₹ न घालता ‘१२ रुपिया ८ तंगा’ असे शब्दांत लिहावे.

एस्कुदोच्या रकमा वाचताना नवखा माणूस हमखास गोंधळतो, कारण त्यांत डॉलरसारखे चिन्ह अंकांच्या मधोमध येते. पोर्तुगीज पद्धतीत ते चिन्ह दशांश बिंदूची जागा घेते आणि हजारांचे गट बिंदूने तोडले जातात. १.२५०$५० म्हणजे एक हजार दोनशे पन्नास एस्कुदो आणि पन्नास सेंताव्हो. २०$०० म्हणजे वीस एस्कुदो. वीस डॉलर नव्हेत आणि दोन हजारही नव्हेत. मूळ लेखनात या चिन्हाला दोन उभ्या रेघा असतात. युनिकोडने त्या रूपाला वेगळा क्रमांक दिलेला नाही; ते डॉलरच्या चिन्हाचेच एक रूप मानले जाते, आणि एक रेघ दिसेल की दोन, हे फॉन्टवर अवलंबून असते. म्हणून प्रतिलेखन करताना साधे डॉलरचे चिन्हच मूळच्या जागी, अंकांच्या मध्ये टंकित करावे, दोन रेघांचे रूप असलेला फॉन्ट मिळाला तर तो त्या मजकुराला लावावा, आणि पहिल्याच रकमेजवळ कंसात ‘एस्कुदो’ असे लिहावे. रुपयांत रूपांतर द्यायचे झाल्यास ते तळटीपेत द्यावे, आणि कोणत्या वर्षाचा कोणता दर धरला आहे, हे तेथेच नोंदवावे.